पाटणादेवी ते थाळनेर : मामासोबत सहा दिवस

पहिला दिवस : पाटणादेवी

मामा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. धुळे-शिरपूर, धुळे-पारोळा, चाळीसगाव, साक्री, सगळे रस्ते त्याला पाठ. गाव आलं की नाव ओरडायचं, माणसं उतरवायची, डबल बेल द्यायची. स्वतः मात्र तो यातल्या फारशा गावांत कधी उतरला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा जेवता जेवता म्हणाला, की जी नावं मी रोज ओरडलो ती गावं पायांनी बघायची राहिली. मी त्याच रात्री वहीत सहा गावं लिहिली आणि पौषातले सहा दिवस राखून ठेवले.

सकाळच्या धुळे-चाळीसगाव रेल्वेगाडीने निघालो. ही लाईन १९०० साली सुरू झाली, आणि धुळेकरांना रेल्वेने मुंबईकडे जायचं तर अजूनही आधी चाळीसगावला जावं लागतं. तिथून काळीपिवळीने पाटणे गाव गाठलं आणि मग चालायला लागलो. पुढ्यात सातमाळ्याच्या डोंगरांनी अर्धगोल केला आहे. ऊन चढलं तरी त्या कुशीत थंडी दुपारपर्यंत टिकून होती. धबधबे पावसाळ्याचे, आता कड्यांवर नुसते काळे ओघळ. पण जंगल सुकं असलं की झाडं ओळखता येतात. धावडा, सलई, टेंभुर्णी, पळस. मामाला पळस आणि निंब सोडून झाडांची नावं येत नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याने सहा पाठ केली.

देवीच्या देवळात गर्दी नव्हती. उंच जोतं, काळा दगड, कोनाकोनांनी बाहेर येत गेलेल्या भिंती. सारवलेल्या अंगणात बसल्यावर वाटतं तसं त्या जोत्यावर बसून वाटलं. जंगलात आणखी थोडं आत महादेवाचं देऊळ आहे, तिथे तर आम्ही दोघं आणि वानरंच होतो.

मी पाटणला, म्हणजे या पाटणे गावात, आले होते ती एका शिलालेखासाठी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांनी लिहिलेलं गणित पुढच्या पोरांना शिकवलं जावं म्हणून त्याने इथे मठ उभा केला. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने आणि पुढे हेमाडिदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. हे सगळं त्या शके ११२८ च्या शिलालेखात आहे. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी हिशेब सुरू झाला की लेख एकदम मराठीत उतरतो. श्लोक विद्वानांसाठी होते. कोणी किती द्यायचं हे मात्र बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे, म्हणून ते त्याच्या भाषेत. पाटणच्या पेठेत माल विकला जाईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, सुपारी इतकी, आणि तेलाच्या दर घाण्यामागे एक पळी तेल.

मी नक्कल काढून नेली होती. देवळाच्या पायरीवर बसून मामाला ती वाचून दाखवली. "पळी" आल्यावर त्याने मला थांबवलं. त्याच्या आजोबांचा अमळनेरला लाकडी घाणा होता, आणि तेल मोजायची ती लोखंडी पळी अजून त्याच्या माळ्यावर आहे. त्याने तो शब्द मला दोनदा वाचायला लावला. आठशे वर्षांपूर्वी इथल्या कुठल्याशा तेल्याने पळीभर तेल ओतलं आणि त्या तेलाच्या दिव्यात कोणीतरी लीलावतीची गणितं सोडवली. मला हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

मुक्काम पाटणे गावात, मामाबरोबर गाडीवर असलेल्या एका ड्रायव्हरकाकांच्या घरी. काकूंनी पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचून भरीत केलं, वर कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "आठे काय शे देखाले?" मी तेलाच्या पळीची गोष्ट सांगितली. त्या उठून आत गेल्या आणि माझ्या भाकरीवर पळीभर कच्चं तेल घालून गेल्या.

दुसरा दिवस : पितळखोरे

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि गावातला एक तरुण वाटाड्या घेतला. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात बिबट्या आहे, एकट्यादुकट्याने शिरू नये. पाटणहून डोंगर चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे वाट जाते. चढ अंगावर येतो. मामा सदुसष्टचा, दर वीस पावलांनी थांबायचा, पण "परत जाऊ" असं एकदाही म्हणाला नाही.

डोंगरमाथ्यावर खानदेश संपतो. लेणी पलीकडे कन्नड तालुक्यात, पण ज्या दरीच्या तोंडाशी ती आहेत त्या दरीचा उतार खानदेशाचा आहे, आणि जुने व्यापारी याच घाटांनी वर पैठणकडे जायचे. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं काम. जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी भाले घेतलेले दोन द्वारपाल. त्यांच्या अंगरख्याच्या चुण्यासुद्धा दगडात आहेत.

इथल्या एका खांबावर पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरं विकणाऱ्याचं नाव आहे, खांबाचा खर्च त्याने दिला म्हणून. आणि इथे सापडलेला एक बुटका, पोट सुटलेला, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय, की हा कण्हदास सोनाराने केला. राजाचं नाही, कारागिराचं नाव. वाटाड्या पोराने हे ऐकून विचारलं, मग त्याला कोणी बोललं नाही का? मला उत्तर सुचलं नाही. बहुतेक नसावं बोललं, म्हणून तर ते राहिलं.

उतरताना त्यानेच पूर्वेकडे हात करून कन्नडचा घाट कुठे आहे ते दाखवलं. सरकारी कागदांत त्याचं नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर सात-आठ वर्षं भिल्लांनी त्यांना या डोंगरांत शांत बसू दिलं नव्हतं, तेव्हा त्याच भिल्लांतून शिपाई भरून डोंगर ताब्यात आणायचा हा उपाय. घाटाला नाव औट्रमचं मिळालं, अभयारण्यालाही मिळालं. ज्यांना या वाटा अंधारात पायांना ठाऊक होत्या त्यांच्यापैकी कोणाचं मिळालं नाही. वाटाड्या पोर स्वतः भिल्ल. तो काही बोलला नाही, मीही पुढे बोलले नाही.

तिसरा दिवस : पारोळा

पाय भरून आले होते. परत धुळ्याला येऊन एसटीने पारोळ्याला गेलो आणि दुपारभर किल्ल्याभोवती फिरलो, तेवढंच चालणं. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ मध्ये हा भुईकोट बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याची ही जहागीर. १८५७ नंतर इंग्रजांनी तो पाडून निकामी केला. भोवतीचा खंदक, बुरूज आणि तटाचा बराच भाग अजून उभा आहे, आणि बाजारपेठ त्याला खेटून भरते. तटाच्या सावलीत एक बाई मिरच्या निवडत होती. मामाच्या टाचेला फोड आला होता, तिने ते पाहून विचारल्याशिवाय हळद-तेल आणून दिलं. पारोळ्याचं मला एवढंच नीट आठवतं.

चौथा दिवस : लळिंग

पहाटे धुळ्याहून आग्रा रोडने निघालो. लळिंग दहाएक किलोमीटर. ट्रकांच्या वाऱ्याने अंग हलतं, म्हणून जमेल तिथे रस्ता सोडून कुरणातून चाललो. हे कुरण म्हणजे कोरड्या टेकड्यांवरचं गवताळ रान, मधूनमधून अंजन. अंजनाची पानं जोडीजोडीने असतात, गाईच्या खुरासारखी. लाकूड असं कठीण की कुऱ्हाड उडते. दुष्काळात याचाच पाला गुरांना तारतो. जानेवारीत गवत पिवळं पडलं होतं आणि त्यातून मोर चालत गेला की फक्त गवत हललेलं दिसायचं. ज्या लांडोर बंगल्याला आंबेडकरी माणसं दर ३१ जुलैला हजारोंनी येतात तो याच रानात आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले होते, तेव्हा इथे राहिले होते. मामाने सांगितलं, की त्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नसायची आणि तरी कोणी कोणाला ढकलायचं नाही.

गावात जुनं हेमाडपंती देऊळ आहे, तिथून किल्ल्याची वाट. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पडका तट, आणि चहूकडे दिसणारा मुलूख. उत्तरेला धुळे पसरलेलं, खाली रस्ता, दक्षिणेला मालेगावकडची खिंड. दख्खनेतून खानदेशात येणारा हा दरवाजा. तो ज्याच्या हातात, त्याला आल्यागेल्याची खबर.

इथली लढाई मी मामाला वर बसून सांगितली. खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान. बुऱ्हाणपूर वसवलं ते यानेच. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. सुलतानाचं मन दुसऱ्या राणीवर बसलं, हिची आबाळ झाली, आणि तिने बापाला कळवलं. बापाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने त्याला रोहिणखेडला हरवलं, पाठलाग करत येऊन बुऱ्हाणपूर जाळलं आणि शेवटी या लळिंगला गाठलं. इथेही नासिरखान हरला. त्याच साली, १४३७ मध्ये, तो वारला.

मामा बराच वेळ खाली बघत राहिला. त्याला तीन मुली. धाकटीच्या सासरी कशी धुसफूस होती आणि तो ड्यूटी संपवून रात्रीच्या गाडीने नंदुरबारला कसा गेला होता, हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं. तो भांडायला गेला होता आणि जावयाच्या आईने आधी जेवायला वाढलं म्हणून भांडण राहून गेलं. इतिहासात ही लढाई बहमनी आणि फारुकी यांची म्हणून लिहिली जाते, त्यात वऱ्हाडच्या हद्दीचंही राजकारण होतंच. पण लळिंगच्या माथ्यावर ऊन लागत असताना मला पोरीचा निरोप हातात घेतलेला म्हातारा बाप दिसला, आणि तो अजून जात नाही.

उतरताना गवत कापणाऱ्या बायका भेटल्या. "बठा, पानी पी ल्या," म्हणाल्या. प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी, वर ओलं फडकं गुंडाळलेलं. तसं गार पाणी फ्रीजमध्ये होत नाही.

पाचवा दिवस : सोनगीर

सोनगीर त्याच रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला. किल्ला लहान, चढायला अर्धा तास. वर फार काही उरलेलं नाही, वारा मात्र भरपूर. आम्ही लवकर उतरलो, कारण खरी ओढ गावाची होती. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी खानदेशात सगळ्यांना माहीत. आमच्या घरातला हंडा, परात, बंब सगळं इथलं. स्टीलने आणि नंतर प्लास्टिकने या धंद्याचं कंबरडं मोडलं, तरी काही घरांतून ठोके ऐकू येतात. एक कारागीर परात ठोकत होता. त्याने आम्हाला फिरवून दाखवली. प्रत्येक ठोक्याचा गोल दुसऱ्याला चिकटून, मध्ये जागा नाही. ठोक्यांनी पत्रा नुसता सुंदर होत नाही, घट्ट होतो, म्हणून ठोक्याचं भांडं चेपत नाही.

मामाने एक तांब्या घेतला. कारागिराने विचारलं, "नाव घालायचं?" आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नकार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, ती परत यावीत म्हणून. मला वाटलं मामा मामीचं नाव सांगेल. त्याने आपल्या आईचं सांगितलं. माझी आजी जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तिचं नाव असलेलं एकही भांडं आता कोणाकडे नाही, वाटण्यांत सगळं मोडीत गेलं. कारागिराने छिन्नीने टिंब टिंब करत सहा अक्षरं घातली. पैसे घेतले नाहीत त्याचे.

सहावा दिवस : थाळनेर

रात्री शिरपूरला राहून पहाटे साडेसहाला चालायला सुरुवात केली. शेतांमधून जाणारा रस्ता. कापसाची शेवटची वेचणी, केळी, पपई, हिरवा गहू. धुळ्याच्या दक्षिणेकडून आलेल्या डोळ्यांना हे हिरवं खोटं वाटतं. तापी जवळ आली की जमीन काळी आणि खोल होते. वाटेत एक म्हातारे शेतकरी भेटले, "कथा जाई ऱ्हायनात?" म्हणून चौकशी केली आणि थाळनेर म्हटल्यावर लगेच म्हणाले, लताबाईंचं आजोळ बघायला का? लता मंगेशकरांची आई थाळनेरच्या लाड घराण्यातली. गावात कोणालाही विचारा, पहिलं हेच सांगतात, आणि त्या अभिमानात एक घरगुतीपणा आहे. जशी काही ती सगळ्या गावाचीच भाची.

थाळनेर ही खानदेशाची पहिली राजधानी. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद ही ठिकाणं दिली, तिथून फारुकी घराणं सुरू झालं. पुढे गादी बुऱ्हाणपूरला गेली, पण सुरुवातीचे सुलतान निजले आहेत ते इथे. शेतांच्या कडेला घुमटांच्या कबरी आहेत. त्यातली अष्टकोनी कबर बघून मामाने चपला काढल्या. आठही बाजूंना कोरीव काम, दगडाची जाळी कशिद्यासारखी. काहींवर लेख आहेत. ज्याच्या पोरीचा निरोप आला होता त्या नासिरखानाचं घराणं हेच. लळिंगला हरलेला माणूस इतक्या जवळ भेटेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मग किल्ला. तापीच्या उत्तर काठावरचा मातीचा उंच गढा. नदीने एक बाजू धरली आहे, बाकी तीन बाजूंनी तट होता. आता बराचसा ढासळून मातीत गेला आहे. बाभळी, एक निंब, शेळ्या. वर उभं राहिलं की तापीचं रुंद पात्र, आणि त्यात एकच होडी.

२७ फेब्रुवारी १८१८ ची गोष्ट. दोन महिने आधी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता. ६ जानेवारीच्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी तापीकाठचा हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. कागदावर थाळनेर गेलं. थाळनेरात मात्र किल्लेदार होता, त्याची माणसं होती, पगारी अरब शिपाई होते. किल्लेदाराचं नाव तुळशीराम मामा. सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याकडून घाट उतरून आली तेव्हा आतून गोळीबार झाला. हिस्लॉपने निरोप धाडला, की मुलूख तहाने आमचा झाला आहे, लढलात तर बंडखोर समजू. तोफा लागल्या. बाहेरचा दरवाजा पडल्यावर किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. आतले दरवाजे एकामागून एक उघडत गेले. शेवटच्या दरवाजाची दिंडी, म्हणजे त्यातलं लहान दार, उघडली, इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांनिशी आत शिरले, आणि एवढ्याशा जागेत, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांत काय बोलणं झालं कोण जाणे, तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथे मेले. मग फौज आत घुसली आणि किल्ल्यातली तीनशेच्या आसपास माणसं कापून काढली. किल्लेदार लढाई संपण्याआधीच त्यांच्या ताब्यात होता. तरी त्याच संध्याकाळी त्याला फासावर चढवलं.

हे इतकं उघड होतं, की १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला तेव्हा तिथेही प्रश्न झाले, आणि थाळनेरच्या किल्लेदाराची फाशी त्या आभारातून स्पष्टपणे वगळावी लागली.

मी हे सगळं वाचून गेले होते. तरी दरवाजाच्या जागेवर उभी राहिले तेव्हा वाचलेलं उपयोगी पडलं नाही. जागा फार लहान आहे. तीनशे माणसं म्हणजे मामाच्या पाच-सहा भरलेल्या गाड्या. पाटणच्या लेखात सोइदेव आहे, पितळखोऱ्यात कण्हदास सोनार आहे, खाली कबरींत सुलतान आहेत, मेलेले दोन इंग्रजही नावानिशी पुस्तकात आहेत. इथे एक दगड नाही. कोणी अरबस्तानातून आलेला, कोणी पलीकडच्या खेड्यातला, पगारासाठी दारावर उभा. त्यांना मंदसोरचा तह कोणी वाचून दाखवला होता? मला वाटतं, निदान किल्ल्याच्या वाटेवर एक पाटी हवी. तारीख, तीनशे हा आकडा, आणि तुळशीराम मामाचं नाव. गावाने लताबाईंना जसं आपलं मानलं तसं यांनाही मानावं. मानेलही गाव, कोणी त्यांना सांगितलं तर.

मामाने विचारलं, "त्यासना नावे कोठे शेतस?"

"नाहीत कुठेच. किल्लेदाराचं तेवढं आहे. तुळशीराम मामा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोनाना तरी मामा व्हताच ना तो."

आम्ही गढ्यावरून नदीकडे उतरलो. मामाने पिशवीतून आजीच्या नावाचा तांब्या काढला, तापीत भरला आणि पुन्हा वर चढला. टाचेचा फोड फुटला होता, तरी चढला. दरवाजाच्या जागेवरच्या निंबाच्या बुडाशी ते पाणी घातलं. दोन शेळ्या बाजूला झाल्या. मग खाली येऊन दुसऱ्यांदा भरला, तो परतीच्या वाटेसाठी.

शिरपूरची गाडी साडेचारला होती. कंडक्टर पोरगेलासा. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा त्याने गावाचं नाव न घेताच बेल द्यायला हात वर केला, आणि मामा सीटवरून उठून मागच्या गर्दीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "थाळनेर! थाळनेरवाले उतरा!"